वरचा पाऊस

सप्टेंबरातली एखादी सकाळ. भाट्याच्या पुलावर उभं राहिलं की एका बाजूला समुद्र, पलीकडे राजिवड्याच्या होड्या, आणि पाठीमागे काजळी नदीची रुंद होत आलेली खाडी. आभाळ धुतल्यासारखं. रात्रभर पागोळीसुद्धा टपकलेली नाही. तरीही खाडीचं पाणी तांबूस झालेलं, त्यावर पालापाचोळा, केळीचे खुंट, एखादा ओंडका. गावात नवीन आलेला माणूस बुचकळ्यात पडतो. होडीतल्या म्हाताऱ्याला मात्र काहीच नवल वाटत नाही. "वर पडलाय," एवढंच तो म्हणतो आणि जाळ्याकडे वळतो.

वर म्हणजे साखरप्याकडे, आंबा घाटाकडे, सह्याद्रीच्या कड्यावर. भाट्यात छत्री उघडावी लागली नाही म्हणून तिथे पाऊस झाला नाही, असं होत नाही. ज्यांना एका दिवसात डोंगरातली गुहा आणि नदीची घळ पाहून परत यायचं आहे, त्यांनी बेताची सुरुवात म्हाताऱ्याच्या या दोन शब्दांपासून करावी. गाडी, डबे, सुट्टी ही सगळी त्यानंतरची गोष्ट.

भाट्यातून अशा सहलीचं नाव काढलं की बोट आपसूक मार्लेश्वरावर जातं. रत्नागिरी, हातखंबा, पाली करत देवरूख गाठायचं आणि तिथून आणखी सोळा-अठरा किलोमीटरवर मारळ. संगमेश्वर तालुक्यातलं हे गाव सह्याद्रीच्या भिंतीला पाठ टेकून बसलेलं आहे. भिंतीतल्या गुहेत शंकराचं ठाणं, आणि समोरच्या घळीत कड्यावरून कोसळणारा धारेश्वराचा धबधबा. याच पाण्याची पुढे बाव नदी होते. मुंबई-गोवा महामार्गावर 'बावनदी' नावाचा थांबा लागतो, तिथल्या पुलाखालून वाहते तीच ही.

भाट्यापासून सगळं मिळून पासष्ट-सत्तर किलोमीटर. या अंतरात पायाखालचा दगड बदलतो, आणि तो बदल नीट पाहिला तर घळ आणि गुहा मुळात तिथेच का आहेत हेही कळतं. भाट्ये, पावस, रत्नागिरी हा सगळा जांभ्याचा मुलूख. घरं जांभ्याची, गडगे जांभ्याचे, पाखाड्या जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पडलेलं पाणी तो पितो आणि खाली कुठेतरी झऱ्यानं सोडून देतो. भाट्याच्या किनाऱ्यालगत झरी विनायकाचं देऊळ आहे. हाकेच्या अंतरावर खारा समुद्र असूनही तिथे गोडं पाणी मिळतं, ते याच कारणानं, आणि देवाचं नावही त्यावरूनच पडलं.

देवरूख मागे पडलं की जांभा विरळ होत जातो आणि काळा कातळ दिसू लागतो. हा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थराचा माथा कुजून लाल मातीसारखा मऊ झालेला असतो. घाटात कापलेल्या कड्यात ही तांबडी पट्टी सहज दिसते, दाखवायला मात्र कुणीतरी हवं. वरचा थर टणक आणि मधली पट्टी मऊ, अशा जागी पाणी आणि हवा मऊ भाग पोखरतात. टणक थर वर छपरासारखा राहतो आणि त्याखाली पोकळी होते. कोकणातल्या कड्यांमधल्या बऱ्याच नैसर्गिक गुहा अशाच तयार झाल्या. मेघालयात किंवा आंध्रच्या बोर्रा गुहांत चुनखडी विरघळून मैलोगणती भुयारं होतात, तशी इथे होत नाहीत. आपल्याकडच्या गुहा उथळ, ठेंगण्या, कड्याच्या कुशीत बसलेल्या.

घळीचं गणितही याच्या जवळचंच आहे. धबधब्याच्या पायथ्याचा मऊ खडक झिजतो, वरचा टणक ओठ आधाराशिवाय लटकतो आणि एक दिवस तुटून खाली येतो. म्हणजे धबधबा दर काही शतकांनी थोडा मागे सरकतो आणि सरकताना पुढे एक उभ्या भिंतींची गल्ली सोडून जातो. घळीत विखुरलेले घराएवढे धोंडे म्हणजे त्या तुटलेल्या ओठाचे तुकडे. त्यावर बसून माणसं फोटो काढतात.

आता पाणी. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचं पाणी होतं १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरांत भरायचं तर दहा हजार टँकर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावर त्याहूनही अधिक, तेव्हा एका दिवसात १०० मिलिमीटर ही तिकडे बातमीसुद्धा होत नाही. सड्यावर पडलेलं पाणी पसरतं, मुरतं, भातखाचरांत थांबतं. कड्यावर पडलेल्या पाण्याला थांबायला जागाच नसते. ते सगळं घळीच्या गल्लीत उतरतं, आणि गल्ली अरुंद असल्यामुळे त्याला फक्त वर चढायला वाव असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला धडधाकट माणूस बघता बघता आडवा होतो तो यामुळे.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात नावाहो लोकांच्या जमिनीवर अँटिलोप कॅनियन नावाची घळ आहे. वालुकाश्मात कोरलेली, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतील इतकी अरुंद. १२ ऑगस्ट १९९७ रोजी दुपारी काही पर्यटक तिच्यात उतरले होते. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हता. वादळ झालं होतं कित्येक किलोमीटर वर, त्यांना दिसणारही नाही अशा जागी. तिथलं पाणी कोरड्या ओढ्यातून आलं आणि घळीत भिंतीसारखं उभं राहिलं. ११ जण गेले. त्यांचा वाटाड्या वाचला. तिथेही कुणीतरी म्हातारा असता तर "वर पडलाय" एवढंच म्हणाला असता.

इतकं लांब जायचीही गरज नाही. ३० जून २०२४, रविवार, लोणावळा. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं एका खडकावर एकमेकांना धरून उभी होती, पाणी चढत गेलं आणि पाच जण वाहून गेले. त्याची चित्रफीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर पोचली. ती पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं बाजूला का झाली नाहीत? उत्तर सोपं आणि भयंकर आहे. ती खडकावर चढली तेव्हा तिथे पाणी नव्हतं, किंवा पावलं भिजतील एवढंच होतं.

म्हणून भाट्यातल्या घरात आदल्या रात्री काय पाहायचं? आपल्या अंगणातलं आभाळ तर नाहीच. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा पाहायचा, आणि त्यातही 'घाट क्षेत्र' असा वेगळा उल्लेख आहे का ते. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्यावर अत्यंत जोरदार. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग सगळ्यांना माहीत असतात. पण "पिवळाच आहे ना, मग जाऊ या" हा निष्कर्ष घळीच्या बाबतीत चुकीचा. रंग जिल्ह्यासाठी असतो, घळीसाठी नाही. या प्रकरणापुरता नियम कडक ठेवलेला बरा: जून ते सप्टेंबरात कुठलाही रंग असेल तर पायऱ्या चढून दर्शन घ्यावं, धबधबा लांबून पाहावा आणि नदीच्या पात्रात उतरू नये.

दुसरी गोष्ट अधिक कामाची असूनही सहलीला निघणारे ती क्वचित पाहतात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन नद्यांच्या पातळ्या जाहीर करतं: जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, सोनवी, काजळी, कोदवली, मुचकुंदी आणि बाव. प्रत्येकीची एक इशारा पातळी, एक धोका पातळी. ही माहिती पूरग्रस्तांसाठी असते हे खरं. काजळीकाठच्या चांदेराईच्या बाजारपेठेतले दुकानदार तिचा आकडा ज्या काळजीनं ऐकतात, ती सहलीच्या माणसाला कळणार नाही. पण बाव आणि काजळी चढतायत की उतरतायत एवढं त्यातून समजतं, आणि बेताला तेवढंच हवं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे खाडीचा रंग. तो ओहोटीला पाहायचा. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि खाडी निळसर दिसून फसवते. ओहोटी लागली की नदी बोलू लागते. अर्थात खाडी सांगते ती काजळीची हकिकत, बाव नदीची नव्हे. पण दोघी एकाच कड्याच्या शेजारणी आहेत.

पावसाचा हिशेब झाला की वेळेचा. १८९२ मध्ये विल्यम नाईस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं चालण्याचा एक ठोकताळा मांडला, तो आजही जगभर वापरतात: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. मार्लेश्वरच्या पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. एक पायरी सोळा सेंटिमीटरची धरली तर चढ झाला ऐंशी मीटर. नाईस्मिथच्या हिशेबानं जादा वेळ फक्त आठ मिनिटं! स्कॉटलंडातला धष्टपुष्ट माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे गणित आहे. त्यात गुडघे धरलेली आजी नाही, प्रत्येक दुकानाशी थांबणारा नातू नाही, आणि कोकणातली दमट हवा तर नाहीच. बरोबर घरची माणसं असतील तर चढायला पाऊण तास धरावा आणि उतरायलाही जवळजवळ तेवढाच. ओल्या पायऱ्यांवर उतरणं चढण्याहून अवघड असतं, हे गुडघ्यांना आधी कळतं.

उजेडाचं गणित आणखी वेगळं. भाट्यात सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, त्यामुळे इथल्या माणसाला दिवस शेवटपर्यंत पुरतो अशी सवय. मारळला पूर्वेलाच डोंगराची भिंत उभी आहे. सूर्य उगवून बराच वेळ झाला तरी घळीत सावलीच असते, कातळ ओला राहतो, शेवाळ निसरडं राहतं. सकाळी साडेसहाला भाट्यातून निघून साडेनऊपर्यंत वर पोचलं की दर्शन निवांत होतं आणि तोवर ऊन घळीत उतरू लागतं. पात्राच्या कडेनं हिंडायचं असेल तर अकरा ते दोन हा काळ उत्तम. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य जातो, आणि झाडीत त्याच्या आधीच अंधारतं. तेव्हा तीनला पाय गाडीकडे वळलेले बरे. एसटीनं जाणाऱ्यानं देवरूख स्थानकात उतरल्यावर पहिलं काम परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारण्याचं करावं, मग चहा.

महिने कोणते? ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारी. पाऊस थांबलेला असतो, धबधब्याला पाणी असतं, पात्रातले डोह नितळ झालेले असतात. फक्त मकरसंक्रांत टाळावी, किंवा मुद्दाम गाठावी. त्याविषयी थोडं पुढे.

गुहेचं दार ठेंगणं आहे. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत समयांचा उजेड, तेलाचा वास, ओलावा आणि दोन पिंडी. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना पहिला मिनिटभर काहीच दिसत नाही, म्हणून दारातच क्षणभर थांबावं. मागचा माणूस कुरकुरला तर कुरकुरू द्यावं. इथल्या कपारींत साप असतात आणि ते भक्तांना काही करत नाहीत, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा मान ठेवायला काहीच हरकत नाही. तो ठेवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कपारीत हात न घालणं, भिंतीला न टेकणं आणि सापाच्या तोंडावर मोबाइलचा झोत न टाकणं.

बाकी गुहा म्हटलं की २०१८ सालचं थायलंड आठवतंच. २३ जूनला फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत शिरले आणि पावसाचं पाणी मागून भरत गेलं. ८ ते १० जुलैच्या दरम्यान सगळे जिवंत बाहेर आले, पण त्यांच्यासाठी गेलेला एक माजी नौसैनिक पाणबुड्या दगावला. गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते, ही आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी अभिमानानं छापलेली बातमी. मार्लेश्वरची गुहा कड्यात उंचावर आहे, तिला असला धोका नाही. पण कोकणात हिंडताना वहाळाच्या काठावर कपारी आणि भुयारं दिसतात आणि पोरं आत शिरतात. पाणी जिथून बाहेर येतं किंवा आत जातं, अशा कुठल्याही भोकात पावसाळ्यात शिरू नये.

पिशवीत काय असावं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे इथे चार गोष्टींपुरतंच. माणशी दोन लिटर पाणी. शिवाय छोट्या बाटलीत कोकमाचं आगळ. त्यात मीठ असतं, पाण्यात घातलं की घामावाटे गेलेलं मीठ भरून निघतं, आणि बाजारातल्या रंगीत पेयापेक्षा चव बरी. खायला तांदळाची भाकरी आणि सुकी चटणी. सोलकढी नेऊ नये, दुपारपर्यंत फसफसते. पायात पट्ट्याची सँडल किंवा खोबणीच्या तळाचे बूट. गुळगुळीत तळाची चप्पल घालून शेवाळावर उभा राहिलेला माणूस हा उभा नसतोच, पडण्याच्या वाटेवर असतो. आणि अत्तर, सुगंधी फवारा घरी ठेवावा. उंच कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. पोहता येतं म्हणून माणूस पाण्याला भीत नाही, पण आग्यामाशीपुढे पोहणं उपयोगी पडत नाही.

दगड उलटू नयेत. त्याखाली विंचू असतो, आणि कोकणातला लाल विंचू ही थट्टा नाही. एकेकाळी त्याच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, हृदय निकामी होऊन जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वर्षानुवर्षं रोग्यांच्या उशाशी बसून अभ्यास केला आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं त्याविषयीचं लेखन आलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं घसरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सापाच्या विषावरही औषध आहे, पण सगळ्या सापांच्या नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं, सह्याद्रीच्या झुडपांत बसणाऱ्या हिरव्या चापड्यावर चालत नाही. कुणालाही, काहीही चावलं तरी करायचं तेच: आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि तडक देवरूखचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. घळीत फोनला रेंज मिळेल असं गृहीत धरू नये. म्हणून कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू, हे निघताना घरी सांगून ठेवावं. "येतो गं" एवढं पुरत नाही.

आणि बेत रद्द झाला तर? पावसाळ्यात तो दोनदा आखला तर एकदा रद्द व्हायलाच हवा. अशा दिवशी डबा घेऊन थिबा पॉइंटवर जावं. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये कैदी म्हणून रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याच्या राजवाड्याजवळच्या या टेकाडावरून भाट्याची खाडी, पूल, सुरूचं बन आणि माडांची रांग एका नजरेत मावते. माडांत १९५५ पासून चालत आलेलं नारळ संशोधन केंद्रही आहे. खाडी जितकी लाल, तितकी भाकरी गोड लागते.

राहता राहिली संक्रांत. त्या दिवशी मार्लेश्वराचं लग्न असतं. नवरदेवाची पालखी आंगवलीहून येते, देवरूखचा व्याडेश्वर यजमान म्हणून येतो, आणि नवरी गिरिजादेवी साखरप्याहून. पालख्या डोंगर चढतात, कल्याणविधी होतो, मारळच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. नकाशा समोर धरून हे लग्न पाहिलं की एक गंमत लक्षात येते. नवरदेवाच्या दारातलं पाणी बाव नदीतून शास्त्रीच्या खोऱ्यात जातं आणि जयगडच्या खाडीतून समुद्राला मिळतं. घळीत पाय बुडवून आलेल्या माणसाला ते भाट्यात परत कधीच भेटत नाही. साखरपा मात्र काजळीकाठचं. नवरीच्या माहेरचं पाणी चांदेराईवरून खाली येऊन भाट्याच्या पुलाखालून जातं. म्हणजे संक्रांतीला मारळला निघालेले भाट्येकर खरं तर मुलीकडचे. त्यांनी जेवणाच्या पंगतीत थोडं ताठ बसायला हरकत नाही.